स्पीकरची वायर : किती जाड, किती लांब, किती महाग?

हावडा स्थानकावर उतरून हुगळीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे निघालं, की काही किलोमीटरवर शिबपूरचं वनस्पती उद्यान लागतं. १७८७ साली रॉबर्ट किड यांनी उभारलेलं हे उद्यान बहुतेकांना तिथल्या अवाढव्य वडामुळे ठाऊक असतं. पण विजेच्या तारेच्या इतिहासातही या जागेला मान आहे. १८३९ च्या एप्रिल-मे महिन्यांत कलकत्ता मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी, उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिक यांच्या मदतीने, इथे बांबूंवर तार ताणून तिच्यातून विजेचे इशारे पाठवले. त्यांच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे मार्गाची लांबी २१ मैल होती आणि त्यातला ७००० फुटांचा टप्पा नदीचा होता. पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस बोटांना बसणाऱ्या झटक्यांवरून इशारा ओळखत असे.

ओशॉनेसींपुढे जो प्रश्न होता, तोच आज घरात चांगलं संगीत ऐकू पाहणाऱ्या माणसापुढे असतो. एका टोकाला दिलेली वीज दुसऱ्या टोकाला किती पोचते आणि वाटेत तिचं रूप बदलतं का? त्यांचा अंतराचा हिशेब मैलांत होता, आपला मीटरमध्ये आहे. उत्तरात जो काही फरक पडतो, तो सगळा या लांबीच्या फरकातून पडतो. हे ध्यानात न घेतल्यामुळेच स्पीकरच्या वायरीबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, वायर ती वायर, कुठलीही लावा. दुसरा म्हणतो, हजारो रुपये मीटरची केबल घेतल्याशिवाय गाण्यात प्राणच येत नाही. दोन्ही मतं आकड्यांपुढे टिकत नाहीत, आणि ते आकडे साध्या गणिताने काढता येतात.

वायर म्हणजे छोटासा अडथळा

संगीत आणि तार यांची गाठ तशी उशिरा पडली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेझबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करत होते, तेव्हा विजेची तार मध्ये कुठेच नव्हती. गाणारी व्यक्ती कर्ण्यात गायची, हवेच्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा, हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. तेव्हापासून गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तांब्याची तार आली.

अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह एका तारेने स्पीकरच्या कॉइलपर्यंत जातो आणि दुसऱ्या तारेने परत येतो. तांबं उत्तम वाहक असलं तरी त्याला थोडा रोध असतोच. हा रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. हिशेब करताना जाण्याची आणि येण्याची, अशी दुप्पट लांबी धरायची. ही दुप्पट धरायला बरेच जण विसरतात.

आता एक नेहमीची बैठकीची खोली घेऊ. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत वायर पाच मीटर, म्हणजे हिशेबाला दहा. लहान म्युझिक सिस्टीमच्या खोक्यात मिळते तशी ०.२ चौरस मिलिमीटरची केसासारखी बारीक वायर लावली, तर तिचा रोध होतो ०.८६ ओहम. घरातल्या पॉवर प्लगला वापरतात तसली अडीच एमएमची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, लवचीक वायर लावली, तर तो होतो ०.०८ ओहम. फरक दहापटीहून अधिक आहे.

स्पीकर आठ ओहमचा असेल, तर बारीक वायरीत आवाजाची पातळी सुमारे ०.९ डेसिबलने घटते आणि जाड वायरीत ०.१ डेसिबलनेही घटत नाही. एक डेसिबल हा बदल सरावलेल्या कानालाही जेमतेम जाणवतो. मग कोणी म्हणेल, आवाजाचं बटण थोडं पुढे सरकवलं की झालं, यात अडलं कुठे? अडतं ते पुढे आहे.

आठ ओहम नेहमी आठ नसतात

स्पीकरच्या पाठीवर छापलेला आठ ओहमचा आकडा ठोकळ असतो. स्पीकर हा साधा रोधक नाही. त्यात कॉइल आहे, चुंबक आहे, हलणारा कोन आहे, आणि वेगवेगळ्या पट्टीचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटून देणारं क्रॉसओव्हरचं सर्किट आहे. या सगळ्यांमुळे त्याचा विजेला होणारा विरोध, म्हणजे इम्पिडन्स, सुराच्या उंचीनुसार बदलत राहतो. एकाच स्पीकरचा इम्पिडन्स खर्जातल्या एका ठिकाणी २५ ओहमपर्यंत चढतो आणि मधल्या पट्टीत ३.२ ओहमपर्यंत उतरतो, असं सर्रास आढळतं.

आता तीच बारीक वायर पुन्हा लावा. इम्पिडन्स २५ ओहम असेल तिथे ०.८६ ओहमच्या वायरीने होणारी घट ०.३ डेसिबल. तो ३.२ ओहम असेल तिथे घट २.१ डेसिबल, म्हणजे त्या पट्टीत स्पीकरला मिळणारी शक्ती जवळजवळ ३८ टक्क्यांनी कमी. दोन पट्ट्यांमध्ये १.८ डेसिबलची तफावत पडली. ही तफावत आवाजाचं बटण फिरवून भरून निघत नाही. मधली पट्टी मागे सरकते, खर्ज फुगल्यासारखा वाटतो, डग्ग्याची घुमारी तबल्याच्या चाटीवर कुरघोडी करते आणि गायकाच्या आवाजातली धार बोथट होते. वायरीने आवाज लहान केला एवढंच नाही, तिने स्वरांचा आपसांतला तोल बदलला.

अडीच एमएमच्या वायरीत हीच तफावत ०.२ डेसिबलची राहते. एवढ्याशा फरकाचा संगीतात पत्ता लागत नाही.

बारीक वायर बदलून जाड वायर लावल्यावर आवाज सुधारला असं कोणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तो अनुभव खरा असतो आणि त्याचं कारणही मोजता येतं. पण ते कारण वायरीच्या जाडीत आहे, तिच्या किमतीत किंवा वेष्टनावर छापलेल्या नावात नाही.

पाच टक्क्यांचा नियम

मॅकिंटॉश या अमेरिकी कंपनीत ध्वनिसंशोधनाचे प्रमुख राहिलेले रॉजर रसेल यांनी एक सोपा नियम लोकप्रिय केला. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. आठ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम आणि चार ओहमच्या स्पीकरसाठी ०.२ ओहम येते.

लवचीक तांब्याच्या वायरीचा कमाल रोध किती असावा, हे प्रमाणकांत ठरवून दिलेलं आहे. एका किलोमीटरला ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी २६ ओहम, एकसाठी १९.५, दीडसाठी १३.३, अडीचसाठी ७.९८ आणि चारसाठी ४.९५. यावरून आठ ओहमच्या स्पीकरला कुठली वायर किती लांब चालेल, हे काढता येतं. पाऊण एमएमची वायर साडेसात मीटरपर्यंत, एक एमएमची दहा मीटरपर्यंत, दीडची पंधरा, अडीचची पंचवीस आणि चारची चाळीस मीटरपर्यंत. स्पीकर चार ओहमचा असेल तर प्रत्येक लांबी निम्मी करायची.

इलेक्ट्रिकच्या दुकानात अजून जुने आकडेही ऐकू येतात. चौदा-छत्तीस, तेवीस-छत्तीस, चाळीस-छत्तीस. पहिला आकडा तारांच्या संख्येचा आणि दुसरा प्रत्येक तारेच्या गेजचा. छत्तीस गेजच्या एका तारेचा छेद सुमारे ०.०२९ चौरस मिलिमीटर असतो. म्हणून चौदा-छत्तीस म्हणजे साधारण ०.४, तेवीस-छत्तीस म्हणजे पाऊण एमएमच्या थोडी खाली आणि चाळीस-छत्तीस म्हणजे सव्वा एमएमच्या आतबाहेर. शेल्फवर ठेवलेल्या आणि तीन मीटर वायरीच्या आठ ओहमी स्पीकरला तेवीस-छत्तीससुद्धा नियमात बसते. स्पीकर चार ओहमचा आणि वायर दहा मीटरची असेल तर ती बसत नाही.

दोनशे मीटर वायर लागते तेव्हा

घरात वायर वाढून वाढून पंचवीस मीटर होईल. दुर्गापूजेच्या दिवसांत हावड्याच्या गल्ल्यांमधून मात्र विजेच्या खांबाखांबावर कर्णे बांधलेले दिसतात आणि त्यांची वायर मंडपापासून शेकडो मीटर दूर गेलेली असते. आपल्याकडच्या गणेशोत्सवातही अशी मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथे जाड वायर घालून भागत नाही. माईकवाले तिथे जे करतात, ते समजून घेण्यासारखं आहे.

समजा, शंभर वॅटचा आवाज दोनशे मीटर लांब न्यायचा आहे आणि वायर एक एमएमची आहे. जाऊन-येऊन चारशे मीटर, रोध ७.८ ओहम. आठ ओहमचा स्पीकर सरळ जोडला, तर २८ व्होल्टांतले जवळपास निम्मे वायरीतच खर्ची पडतात. स्पीकरपर्यंत पोचतात फक्त २५ वॅट आणि साधारण तेवढेच वायर तापवण्यात जातात.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज शंभरपर्यंत चढवतात. प्रत्येक कर्ण्यापाशी दुसरा छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर असतो, तो ते पुन्हा उतरवतो. व्होल्टेज वाढलं की तेवढीच शक्ती न्यायला प्रवाह कमी लागतो. शंभर वॅटला आता साडेतीन अँपियरऐवजी एकच अँपियर पुरतो. तीच दोनशे मीटर वायर, तेच तांबं, पण आता कर्ण्यापर्यंत सुमारे ८६ वॅट पोचतात. रेल्वे स्थानकांवर आणि मोठ्या सभागृहांत उद्घोषणेसाठी हीच पद्धत वापरतात. कोयनेची वीज मुंबईला आणताना उच्च दाब वापरतात, तोही याच कारणासाठी.

या युक्तीची किंमतही असते. छोटे ट्रान्सफॉर्मर खोल खर्ज नीट पेलू शकत नाहीत, म्हणून ही पद्धत बोलण्यासाठी आणि सार्वजनिक जागेसाठी ठीक, घरातल्या मैफिलीसाठी नाही. घरात उलटा मार्ग बरा. अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या जवळ आणायचा, म्हणजे वायरच आखूड होते. अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेल्या स्पीकरमध्ये तर ही वायर वीतभरच उरते.

रोधाच्या पलीकडे काय?

महाग केबलच्या माहितीपत्रकात रोधाबद्दल फारसं लिहिलेलं नसतं. तिथे इंडक्टन्स, कपॅसिटन्स, स्किन इफेक्ट, कॅरेक्टरिस्टिक इम्पिडन्स असे शब्द असतात. हे सगळे परिणाम खरे आहेत आणि भौतिकशास्त्रात नीट अभ्यासलेले आहेत. प्रश्न एवढाच की पाच मीटर लांबीत आणि वीस हजार हर्ट्झच्या आत, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेत, ते किती मोठे असतात.

शेजारीशेजारी चालणाऱ्या दोन तारांच्या साध्या वायरीचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, मीटरला साधारण ०.६ मायक्रोहेन्री असतो. पाच मीटरला तीन. वीस हजार हर्ट्झला त्याचा विरोध ०.४ ओहमच्या जवळ जातो. पण तो रोधासारखा सरळ बेरजेत मिळत नाही, काटकोनात मिळतो, म्हणून आठ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट ०.०१ डेसिबलच्या घरात राहते. याला अपवाद इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा. त्यांचा इम्पिडन्स अतितार सुरांत एक-दोन ओहमपर्यंत उतरतो, तिथे कमी इंडक्टन्सची आणि आखूड वायर निवडणं शहाणपणाचं असतं.

कपॅसिटन्सचा, म्हणजे दोन तारांमध्ये विद्युतभार साठवण्याच्या गुणाचा, परिणाम त्याहून लहान, कारण चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध शून्याच्या जवळ असतो. उलट इंडक्टन्स कमी करण्याच्या हौसेपायी शेकडो बारीक तारा वेणीसारख्या गुंफल्या, तर कपॅसिटन्स इतका वाढतो की काही अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होऊन तापतात.

स्किन इफेक्ट म्हणजे उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणं. तांब्यात वीस हजार हर्ट्झला हा प्रवाह मुख्यतः पृष्ठभागापासून ०.४७ मिलिमीटर खोलीपर्यंत वाहतो. अडीच एमएमच्या तारेची त्रिज्या ०.९ मिलिमीटर, म्हणजे आतला थोडा भाग कमी वापरला जातो. त्यामुळे पाच मीटर वायरीचा रोध ०.०८ ओहमवरून फार तर ०.१ ओहमच्या आसपास जातो. स्पीकरच्या आठ ओहमपुढे हा बदल नगण्य आहे.

कॅरेक्टरिस्टिक इम्पिडन्सला अर्थ येतो तो वायरीची लांबी संदेशाच्या तरंगलांबीशी तुलना करण्याजोगी झाली की. वीस हजार हर्ट्झच्या संदेशाची वायरीतली तरंगलांबी सुमारे दहा किलोमीटर असते. बैठकीच्या खोलीतल्या पाच मीटरना हे गणित लागू पडत नाही.

ते कुठे लागू पडतं, हे एकोणिसाव्या शतकाने पाहिलं. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी हजारो किलोमीटरची केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यातून जायला सोळा तास लागले. केबलचा रोध आणि कपॅसिटन्स मिळून प्रत्येक इशारा पसरट करत होते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हे गणित आधीच मांडलं होतं. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी ते मानलं नाही, सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब दिला, आणि तीनेक आठवड्यांत केबल निकामी झाली. तारेचे जे गुण तिथे अख्खा प्रकल्प बुडवू शकले, तेच पाच मीटरमध्ये मोजायलाही कठीण जातात.

ओशॉनेसी यांनीही लांबीचा हा धडा घेतला होता. १८५१ साली सुरू झालेल्या कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्गासाठी त्यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. सळई वादळवाऱ्यात तुटत नाही आणि तिचा रोधही कमी. १८५५ च्या सुरुवातीपर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारायंत्राने जोडली गेली.

तांबं खरं असू द्या

टॉमसन यांनी १८५७ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेलं तांबं वरून सारखं दिसलं तरी वीज वाहण्याच्या त्याच्या क्षमतेत मोठा फरक असतो आणि त्याचं कारण त्यातली अशुद्धता. तेव्हापासून तांब्याची शुद्धता विजेच्या धंद्यात काटेकोरपणे पाहिली जाऊ लागली. १९१३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. त्या तांब्याच्या वहनक्षमतेला १०० टक्के म्हणायचं. आजची साधी, चांगल्या कारखान्याची वायर त्या शंभराला पोचते. ऑक्सिजनमुक्त तांबं म्हणून जे जादा किमतीला विकतात, ते १०१ च्या आसपास असतं. एक टक्क्याच्या या फरकासाठी दसपट पैसे मोजण्यापेक्षा पाच मीटरची वायर पाच सेंटिमीटर आखूड कापली तर तेवढाच लाभ पदरात पडतो.

बाजारात खरा धोका दुसरा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर तांब्याची म्हणून विकली जाते. तिची वहनक्षमता तांब्याच्या ६० ते ६५ टक्के असते. अडीच एमएम म्हणून घेतलेली अशी वायर प्रत्यक्षात दीड-पावणेदोन एमएमच्या तांब्याएवढंच काम देते. तिच्या बारीक तारा वाकवून वाकवून लवकर तुटतात आणि दमट हवेत त्यांचे जोड लवकर खराब होतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. वरून चंदेरी आणि आतून लाल निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं, त्यात काही वावगं नाही. वजनही बोलतं. अडीच एमएमच्या दुहेरी वायरीच्या एका मीटरमध्ये साधारण ४५ ग्रॅम तांबं असायला हवं, प्लॅस्टिकचं वजन वेगळं. हातात घेताच वायर पिसासारखी हलकी लागली, तर परत करा.

डॅम्पिंग फॅक्टरचा आकडा

अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीत डॅम्पिंग फॅक्टर २००, ५०० असे आकडे असतात. तबल्याची थाप संपल्यावर स्पीकरचा कोन लगेच थांबावा, यासाठी अ‍ॅम्प्लिफायरची त्याच्यावर किती पकड आहे, ते या आकड्याने सांगितलं जातं. आठ ओहमच्या स्पीकरसाठी २०० म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा रोध ०.०४ ओहम. त्यात दीड एमएमच्या पाच मीटर वायरीचे ०.१३ ओहम मिळवले की आकडा एकदम ४७ वर येतो. हे पाहून ऐकणारा घाबरतो आणि महाग केबल घेतो.

पण कोन थांबवणाऱ्या प्रवाहाला स्पीकरच्या कॉइलमधूनही जावं लागतं आणि त्या कॉइलचा स्वतःचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो. म्हणजे एकूण रोध वायरीशिवाय ६.०४ आणि वायरीसकट ६.१७. बदल झाला दोन टक्के. कोनाची पकड तेवढीच घटली, त्याहून जास्त नाही.

कानाची परीक्षा

आकडे काहीही सांगोत, कानाला ऐकू येतं त्याचं काय, असा प्रश्न रास्त आहे. संगीत शेवटी कानासाठीच असतं. म्हणून परीक्षा कानाचीच घ्यायला हवी. मात्र ऐकणाऱ्याला कुठली वायर चालू आहे ते कळता कामा नये, आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी तंतोतंत सारखी हवी. थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो आणि महाग वस्तूकडून मनाची अपेक्षा आधीच वाढलेली असते. हा कुणा एकाचा दोष नाही, माणसाची श्रवणशक्ती अशीच घडलेली आहे.

ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशी परीक्षा प्रसिद्ध केली. खास जाड ऑडिओ केबल, साधी सोळा गेजची वायर आणि बारीक चोवीस गेजची वायर, अशी तुलना होती. चोवीस गेज म्हणजे आपल्या हिशेबातली ०.२ चौरस मिलिमीटरची वायर. पट्ट्यापट्ट्यांत सारखा भरलेला खरखरता आवाज लावला तेव्हा बारीक वायर ओळखता आली. संगीत लावून खास केबल आणि सोळा गेजची साधी वायर यांत फरक करणं मात्र ऐकणाऱ्यांना जमलं नाही.

जून १९९१ मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात फ्रेड डेव्हिस यांचा निबंध आला. केबल, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांवर काय परिणाम करतात, हे त्यांनी बारा केबलींवर मोजलं. कमी रोध आणि कमी इंडक्टन्स असलेली केबल चांगली, आणि घरातल्या लांबीला बारा गेजची, म्हणजे सव्वातीन चौरस मिलिमीटरची वायर पुरून उरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ओहमच्या नियमातून निघतं तेच कानाने आणि यंत्रानेही सांगितलं.

जोड सांभाळा, खूण पाळा

वायरीपेक्षा जास्त आवाज बिघडतो तो तिच्या टोकांशी. एका सैल किंवा काळवंडलेल्या जोडाचा रोध अख्ख्या पाच मीटर वायरीपेक्षा जास्त होऊ शकतो, शिवाय तो स्थिर राहत नाही, वायर हलली की बदलतो. हावडा-कोलकात्याची हवा वर्षातले कित्येक महिने दमट असते. कोकण, मुंबई, गोवा इथेही तेच, वर समुद्राचं मीठ. उघड्या तांब्यावर काळा-हिरवट थर चढतो. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, सिस्टीम बंद करून टोकं सोडा, काळवंडलेला भाग कापून टाका, नवं तांबं सोला, पीळ घट्ट द्या आणि पुन्हा कसून बसवा. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला शिसं-कथिलाची झाळ लावू नका. झाळ दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो. चांगले बनाना प्लग किंवा दाबून बसवलेली फेरूल अधिक भरवशाची. एखादी सुटी बारीक तार शेजारच्या टोकाला टेकू देऊ नका, शॉर्ट होऊन अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट लाल-काळ्याची. दोन स्पीकरपैकी एकाची जोडणी उलटी झाली, तर एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज एकमेकांना खोडून काढतो, गायक दोन स्पीकरच्या मधोमध उभा न राहता खोलीभर पसरल्यासारखा भासतो. हजारोंची केबल लावूनही हा दोष निघत नाही, आणि तो दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. वायरीच्या एका तारेवरची रेघ किंवा उंचवटा पाहून दोन्ही बाजूंना तीच तार लाल टोकाला लावा. शंका असेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडून दीड व्होल्टचा सेल क्षणभर तिच्या टोकांना टेकवा. सेलचं धन टोक लाल तारेला असेल तर मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरना तसंच झालं, तर जोडणी बरोबर.

पैसा कुठे घालावा

वायरीवर वाचलेला पैसा आणि वेळ कुठे लावावा, याचं उत्तर खोलीत आहे. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीभिंतींतून परतून साठतो, काही जागी फुगतो आणि काही जागी नाहीसा होतो. हे चढउतार दहा-दहा डेसिबलचे असू शकतात. वायरीच्या ०.२ डेसिबलशी त्यांची तुलनाच नको. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढणं, दोन्ही स्पीकर आणि आपली बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण साधणं, उघड्या फरशीवर सतरंजी आणि मोठ्या खिडकीला जाड पडदा लावणं, एवढ्याने जो फरक पडतो तो घरातल्या कुणालाही ऐकू येतो. त्यानंतर पैसे उरले तर चांगल्या स्पीकरमध्ये घाला, कारण संपूर्ण साखळीत आवाजाचं रूप सर्वांत जास्त तोच ठरवतो.

वायर घ्यायला दुकानात जाल तेव्हा आधी खोलीतली लांबी मापून घ्या, भिंतीच्या कडेने जाणाऱ्या वळणांसकट. दोन्ही स्पीकरना सारखीच लांबी ठेवली तर हिशेब सोपा राहतो, पण मीटर-दोन मीटरचा फरक पडला म्हणून काही बिघडत नाही. स्पीकर आठ ओहमचा आणि अंतर दहा मीटरच्या आत असेल तर दीड एमएम, चार ओहमचा असेल किंवा अंतर त्याहून जास्त असेल तर अडीच एमएम, नामांकित कारखान्याची, लवचीक आणि अस्सल तांब्याची वायर घ्या. टोकं स्वच्छ आणि घट्ट ठेवा, लाल लालला आणि काळं काळ्याला लावा. यापेक्षा जास्त सेवा वायरीकडून मिळत नाही, आणि यापेक्षा जास्त किंमत तिला देऊ नये.